पाव नंबरचा चष्मा

माझ्या धाकट्या बहिणीला मी चष्मा करून दिला, ही माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक. तिला चष्म्याची गरज नव्हती. हे मला माहीत होतं. तरी दिला.

मी जळगावात एका चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचा नंबर काढते. लोक मला डॉक्टर मॅडम म्हणतात. सुरुवातीला मी "नाही हो, डॉक्टर नाही" असं सांगत बसायचे, मग कंटाळून सोडून दिलं. दिवसभर माणसं समोरच्या स्टुलावर येऊन बसतात, मशीनवर हनुवटी टेकवतात आणि मी त्यांच्या डोळ्यांत बघते. कुणाला साखर आहे, कोण घरातून भांडून आलंय, कोण भरदुपारी दारू घेऊन आलंय, हे मी माणूस बसायच्या आत ओळखते, असं मी जिथे तिथे सांगत फिरायचे. आणि आपल्याच घरातल्या डोळ्यांत काय चाललंय ते मला दोन महिने कळलं नाही. आग लागो त्या तोऱ्याला.

बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आमचं गाव पाचोऱ्याजवळ, तिचं सासर थेट साक्रीकडे. मुलगा झाला, बारसं झालं, पेढे वाटून झाले. मी दर रविवारी येते म्हणाले होते, गेले दोनदाच. रविवारी दुकानात गर्दी असते. तेव्हा मला ही सबब अगदी खरी वाटायची.

आमच्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना कडक पाळतात. डोक्याला रुमाल, कानात कापूस, शेक-शेगडी, आणि डोळ्यांना जपणं. बाळंतिणीचे डोळे कच्चे असतात म्हणे. तिने वाचायचं नाही, सुई ओवायची नाही, दिव्याकडे टक लावून बघायचं नाही. आता त्या यादीत मोबाईल आलाय. बहीण मोबाईलवर काय करायची? मला फोन करायची. दुपारी आई शेतात गेली की करायची, पाच-दहा मिनिटं. बोलायची फार कमी. "काय करतेस अक्का? जेवलीस?" एवढंच. मी गिऱ्हाईक बघता बघता हूं हूं करायचे.

महिना होत आला तसे तिचे डोळे उतरायला लागले. खालचा भाग काळा पडला, नुसता काळा नाही, काळानिळा, मार लागल्यासारखा. वरच्या पापण्या जड झाल्या. दोन भुवयांच्या मधोमध एक आठी पडली, ती झोपेतही जात नाही असं आई फोनवर सांगायची. आणि निदान करायला आईला कोण लागतं? "मोबाईलमा डोया गयात तिना," म्हणाली. डोळे गेले मोबाईलपायी. तिने मोबाईल काढून घेतला आणि तांदळाच्या डब्यात ठेवला. मी काय म्हणाले? "बरं केलंस." दुकानात दिवसातून दहा वेळा मोबाईल कमी करा, मोबाईल कमी करा म्हणायची जीभ माझी, तीच तिथेही वळली. तिचं माझ्याशी बोलणं मीच बंद करवलं, आणि फोन का येत नाही असा प्रश्नही मला पडला नाही.

सव्वा महिना झाल्यावर आई तिला घेऊन दुकानात आली. बाळ शेजारणीकडे ठेवलं होतं. मी आधी तिला मशीनवर घेतलं. उजवा डोळा स्वच्छ. डाव्या डोळ्यात कसाबसा पाव नंबर, तोही धरला तर आहे, नाही धरला तर नाही. मग ट्रायल फ्रेम नाकावर चढवली आणि काचा बदलत समोरच्या अक्षरांकडे बघायला सांगितलं. हे बरं की हे?

"सारखंच."

दुसरी काच. आता?

"सारखंच."

मला वाटलं, लक्ष नाही हिचं. मी मुद्दाम एक जाड काच टाकली, जिच्यातून धडधाकट माणसाला समोरची भिंतसुद्धा धुरकट दिसावी. आता बरं की आधीचं?

"बठ्ठं सारखंच शे, अक्का."

अशा वेळी सख्ख्या बहिणीने काय म्हणावं? मी म्हणाले, "नीट बघ गं, बाहेर गिऱ्हाईक खोळंबलंय."

फ्रेम बसवायची तर दोन बुबुळांमधलं अंतर मोजावं लागतं. मी समोर बसते, नाकावर पट्टी धरते आणि सांगते, माझ्या डाव्या डोळ्यात बघा. लहान मुलं फिदीफिदी हसतात. कॉलेजची पोरं लाजतात. म्हातारी माणसं उलट माझीच चौकशी करतात, बाई, तुझे डोळे का लाल? इतक्या जवळून कुणी कुणाच्या डोळ्यात बघितलं की काहीतरी होतंच. बहिणीने बघितलं आणि काहीही झालं नाही. पापणीसुद्धा लवली नाही कितीतरी वेळ. तिचे डोळे माझ्या डोळ्यांवर होते, पण ती मला बघत नव्हती. माझ्या अंगावर काटा आला, हे मला चांगलं आठवतं. आणि मी आकडा कागदावर लिहिला.

बाहेर आई बाकावर वाट बघत होती. "निघालं का काही?" तिने इतक्या आशेने विचारलं की काही नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. काही नाही म्हणाले असते तर घरी जाऊन बहिणीलाच ऐकावं लागलं असतं की ही नाटकं करते, पोराचं करायला नको म्हणून. म्हणून मी म्हणाले, "निघाला. थोडासा." आणि मी एक मोठी, रुंद, चॉकलेटी फ्रेम निवडली. तिची खालची कड बरोबर डोळ्यांखालच्या काळ्यावर बसली. आरसा धरून म्हणाले, "बघ, गेलं की नाही काळं!" आईला तर हायसं वाटलं. घरी गेल्यावर वडिलांना, म्हणजे आबांना, तिने तेच सांगितलं, नंबर होता म्हणून पोरगी अशी दिसत होती. चष्मा लागला, विषय मिटला. मग तिच्याकडे कुणी धड बघितलंच नाही. तो काळ ती त्या चष्म्यामागे एकटी होती, आणि तिथे तिला मी बसवलं होतं.

तिसरा महिना सरत आला आणि पाठवणी ठरली. दुसऱ्या दिवशी साक्रीची गाडी येणार, म्हणून आदल्या दिवशी आई तिला आणि बाळाला घेऊन पुन्हा दुकानात आली. "चष्मा लावूनही डोळे तसेच गं. विहीण येतेय उद्या. नंबर वाढवून दे जरा," म्हणाली. जणू मसाला वाढवायचाय.

मी तिचा चष्मा हातात घेतला आणि सवयीने पुसायला लागले. चष्म्याची काच बाहेरून मळते ती धुळीने आणि बोटांनी. आतून मळते ती घामाने, पापण्यांच्या तेलाने. हिच्या काचा बाहेरून बऱ्या होत्या. आतून, खालच्या अर्ध्या भागात, पांढरे डाग होते, एकावर एक वाळलेले. कोरड्या फडक्याने निघेनात. मी बोट ओलं करून फिरवलं आणि दुकानात सगळ्यांदेखत जिभेला लावलं. खारट.

आईला म्हटलं, बाळाला बाहेर मोकळ्या हवेत फिरवून आण. बहिणीला आतल्या तपासणीच्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"किती रडतेस?"

"रडत नाही."

"माझ्याशी खोटं बोलायचं नाही."

"खरंच रडत नाही, अक्का. ते आपोआप येतं. पाजताना येतं. ताट समोर आलं की येतं. मी पुसत पण नाही आता." हे ती अशा आवाजात सांगत होती की जणू दुसऱ्याच कुणाचं सांगतेय.

मग मी विचारलं. एवढं धाडस मला कुठून आलं कोण जाणे. "मरावंसं वाटतं का?"

बाहेरून कुणीतरी माझ्या नावाने हाक मारली, मी ओरडले, "थांबा म्हटलं ना!" मग ती म्हणाली, "मी विहिरीकडे जात नाही. आई म्हणते मळ्यात चक्कर मार, बरं वाटेल. मी मुद्दाम जात नाही." मी तिचे दोन्ही हात धरले, ते थंडगार होते. "बाळाला उचलायची भीती वाटते. माझ्या हातून काहीतरी होईल. मी नसले तर त्याला कुणीतरी नीट सांभाळेल, असं सारखं वाटतं. साक्रीला दिवसभर मी आणि तोच. सगळे शेतात."

आणि मग तिने एकदम माझं मनगट पकडलं. त्या दिवसभरात तिने जोराने केलेली ती एकच गोष्ट. "कुणाला सांगू नकोस. वेडी म्हणतील. बाळ ठेवून घेतील आणि मला इथे टाकतील. माझी शपथ आहे तुला."

मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला आजही लाज वाटते, कारण ती डोलावतानाच मी ठरवलं होतं की सांगायचं.

संध्याकाळच्या गाडीने मी त्यांच्यासोबत गावी गेले. घरात पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला, भाव यायची वाट बघत. आबा त्याच्याच कडेला टेकून बसले होते. मी आई-आबांना सगळं सांगितलं. विहिरीचंही सांगितलं. आबांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. आई मात्र माझ्यावरच घसरली. "हळू बोल! भिंतीला कान आहेत. धडधाकट पोरीला वेडी ठरवायला निघालीस? उद्याचा एक दिवस निभू दे. चष्मा लावून बसेल, कुणाला काही दिसायचं नाही. आपल्या घरात गेली की रमेल."

"आणि नाही रमली तर?"

आई उद्याच्या पाहुणचाराच्या बट्टीचं पीठ काढायला उठली. मला तिचा इतका संताप आला की काय सांगू. पण परातीत पडायचं पीठ तिच्या हातून खाली सांडत होतं. तीसुद्धा घाबरलेलीच होती, फक्त तिची भीती वेगळ्या गोष्टीची होती. मी बहिणीच्या शेजारी अंथरूण टाकलं आणि तिच्या पदराचं टोक मुठीत धरून पडले.

पाहुणे अकराला आले. बहिणीची सासू आणि नवरा, बरोबर भाड्याची जीप. सासूबाई म्हणजे उंच, हाडापेराने दणकट बाई, आवाज असा की शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाईल. आम्ही सगळे त्यांना वचकून. बहीण नवी साडी नेसून, चष्मा लावून बसली होती.

"चष्मा लागना का?" सासूबाईंनी विचारलं.

"हो, थोडा नंबर निघाला," आई म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. "आमच्या मोठीनेच काढला. जळगावची डॉक्टर आहे आमची!"

सगळे हसले. मी ताटातली बट्टी कुस्करत राहिले. माझंच खोटं माझ्यापुढे ताटात वाढून आलं होतं, आणि मी जेवत होते. जेवणं उरकली. पिशव्या जीपमध्ये गेल्या. पाळणा वर बांधून झाला. सासूबाईंनी बाळाला घेतलं. आई बहिणीची ओटी भरायला लागली आणि मला कळलं की आता बोलले नाही तर कधीच नाही.

"मावशी," मी म्हटलं, "हिला नंबर नाहीये. चष्मा मी खोटा दिला."

बहिणीने माझ्याकडे बघितलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा नीट बघितलं, आणि मानेनेच नको नको म्हणाली. मी तरी पुढे झाले. दुकानात गिऱ्हाइकाचा काढते तसा, दोन्ही हातांनी, कानांवरून अलगद, मी तिचा चष्मा काढला.

भर दुपारच्या उजेडात ते डोळे सगळ्यांनी बघितले. खोबणीत गेलेले, खालची कातडी काळी आणि पातळ, कडा सोललेल्या, आणि आतल्या बाहुल्यांना काही म्हणजे काही नको असलेलं. "अगं काय करतेस!" आई किंचाळली. बहिणीने पदर तोंडावर ओढला.

सासूबाईंनी बाळ मुलाकडे दिलं आणि त्या बहिणीसमोर येऊन उभ्या राहिल्या. "मनाकडे देख." ती त्यांच्याकडे बघेना. त्यांनी तिची हनुवटी धरून वर केली आणि खूप वेळ बघत राहिल्या. मी भांडायच्या तयारीत होते. कोणी वेडी म्हणालं तर काय सुनवायचं, हे पहाटेपासून मनात घोकलं होतं.

"किती दिन व्हयनात?" त्यांनी विचारलं.

"दोन महिने," मी म्हणाले.

"दोन महिना! आनि आम्हले कोणी सांगं नई?" मग जो भडका उडाला! "आम्हनी सून शे ती. बाजारना माल नई, वरतून पुसीसन देवाले!" वरून पुसून द्यायला सून म्हणजे बाजारातला माल नाही, असं आईला बोलल्या, आबांना बोलल्या, मग माझ्याकडे वळल्या. "आनि तू? तुले समजस, तरी तू चष्मा दिना?" आम्ही तिघं मान खाली घालून उभे. एक शब्द खोटा नव्हता.

पण खरी भीती पुढेच होती. बहिणीचा नवरा एवढा वेळ जीपपाशी बाळाला घेऊन उभा होता. स्वभावाने गरीब माणूस, भांबावून गेलेला. तो म्हणाला, "मग असं करू. बाळाला आम्ही घेऊन जातो. हिला बरं वाटलं की..."

बहिणीच्या तोंडून एक आवाज निघाला. शब्द नव्हता तो. ती भिंतीला धरून खाली बसली. तिने जे होईल म्हणून सांगितलं होतं तेच होत होतं, आणि ते मी घडवून आणलं होतं.

मी धावत जाऊन जीपच्या दारात उभी राहिले. "पाहुणे, बाळ जाणार नाही. बाळ गेलं तर ही राहणार नाही. मी काय म्हणतेय कळतंय का तुम्हाला? ही जिवंत राहणार नाही." आबा रडायला लागले. त्या माणसाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला खरंच काही माहीत नव्हतं, आम्ही कळूच दिलं नव्हतं.

सासूबाई ओट्यावर बसल्या. "पिशव्या उतार," त्या मुलाला म्हणाल्या. "मी आठे ऱ्हासु." मी इथेच राहते. त्यांनी बाळ मागून घेतलं, बहिणीच्या शेजारी सरकल्या आणि बाळाला स्वतःच्या मांडीवर ठेवून बहिणीचा हात ओढून त्याच्या पोटावर ठेवला. हात सुटू नये म्हणून वर स्वतःचा ठेवला.

त्याच जीपने आम्ही जळगावला मनाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिला विचारायचं ते सगळं शांतपणे विचारलं. बाळंतपणानंतर बायकांना हा आजार होतो, तिचा किंवा कुणाचा दोष नाही, उपचार आहेत, आणि सध्या तिला एक क्षणही एकटं ठेवायचं नाही, असं सांगितलं. सासूबाई आठ दिवस म्हणून राहिल्या त्या दीड महिना राहिल्या. आईचं आणि त्यांचं चुलीवरून रोज वाजायचं, पण बहिणीला एकटं कुणी सोडलं नाही.

औषधाने जादू झाली नाही. आधी झोप आली. मग भूक आली, मग कधीतरी स्वतःहून डोक्याला तेल लावून घेतलं. डोळे सगळ्यात शेवटी. ते कितीतरी दिवस तसेच होते आणि मी दर रविवारी, आता न चुकता, जाऊन तेच बघायचे. मला ते बघू द्यायची तिची तयारी नव्हती. मी आले की ती भिंतीकडे तोंड करायची. आईशी बोलायची, सासूशी बोलायची, माझ्याशी नाही. साक्रीला गेली तरी नाही. चार महिने तिने मला फोन केला नाही आणि मी केला तर उचलला नाही. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू, रागही यायचा. वाचवलं ना तुला, मग आता हा रुसवा कसला?

मग एक दिवस भरगर्दीत तिचा फोन आला. मी गिऱ्हाइकाला तसंच मशीनवर टेकवून बाहेर पळाले.

"तू माझी शपथ मोडलीस," ती म्हणाली. हॅलो नाही, काही नाही.

"हो."

"सगळ्यांसमोर माझा चष्मा काढलास. ड्रायव्हरसमोर पण. मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते!" तिचा आवाज चढला होता, फोनमधून कानाला लागत होता. "नाही म्हणाले असते, साक्रीला आले असते आणि मेले असते. माहीत आहे मला. तरी विचारायचं होतंस!"

मला तिथे फुटपाथवर रडू फुटलं. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "रडू नकोस, माझं संपलं नाही अजून," आणि पुढे पाऊण तास ती माझ्याशी भांडत राहिली.